सुगरण आणि निलगिरी

"तुमचा धर्म बाहेरून आला," हे शब्द ज्याच्या कानी पडले नाहीत असा खेड्यातील उपदेशक विरळा. तेव्हा घरचे कोण व परके कोण, हे ठरवावयाचे कशावरून?

पहूरच्या मुलुखातील दोन जीव घेऊ. सुगरण पक्षी पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीस घरटे टांगतो. नाव स्त्रीचे, पण विणणारा नर! गवताच्या चिरफाळ्या आणून तो घरटे अर्धे विणतो. मादी येऊन पारखते, आणि तिला पसंत पडले तरच पुरे करतो. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. सुमारे 1790 साली ती म्हैसूर राज्यात नंदीच्या डोंगरावर लागली. 1843 पासून नीलगिरी पर्वतावर सरपणासाठी लाविली गेली, आणि त्या पर्वताचेच नाव तिला आपल्याकडे चिकटले.

लोक म्हणतात, पाखरू आपले म्हणून चांगले, झाड परदेशी म्हणून वाईट. हे कारण टिकत नाही. मिरची, भुईमूग व मका ही अमेरिकेतून आली. ठेच्याला परका म्हणणारा खानदेशी मनुष्य आम्हांस दाखवा! उलट घरची सुगरण थव्याने दादरीच्या कणसांवर उतरते, तेव्हा शेतकरी गोफणच उचलतो. (तीच पिलांना किडे भरविते, हे त्या वेळी कोणास आठवत नाही.)

मग निलगिरीचा दोष कोणता? दाट लाविली असता ती जमिनीतील पाणी फार ओढते, व तिच्या खाली दुसरे फारसे उगवत नाही. पण मायदेशी तिच्याच फुलांवर कितीएक पाखरे जगतात. विहिरीच्या काठी ती आपण होऊन चालत आली नाही. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, झाड काही मनुष्य नव्हे, असे अनुवादाच्या 20 व्या अध्यायात आहे. दोष लावणाराकडे जातो.

प्रभूने मत्तयाच्या 7 व्या अध्यायात झाडाची पारख फळावरून सांगितली. ते कोठून आले हे विचारिले नाही. परंतु ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. निलगिरीचे फळ कोणते? मालकास वासे व पैसा, शेजाऱ्यास आटलेली विहीर. मालकाच्या तोंडून ते झाड नेहमी चांगलेच ठरणार. मंडळीविषयी आपण आपल्याच तोंडून जी साक्ष देतो, तिचेही असेच नव्हे काय?

ज्या मंडळीने आपल्या रिकाम्या जागेत ही झाडे लाविली असतील, तिच्या पंचांनी शेजारच्या शेतकऱ्याकडे जावे, आणि चैत्रात त्याच्या विहिरीस किती पाणी राहते ते त्यालाच विचारावे.