टोचणीविना धाव

संगणकावर मोटारींची शर्यत खेळणारी मुले एक शिष्टाचार मानतात: वळणावर शेजारच्या गाडीला धक्का द्यावयाचा नाही. दिलाच, तर धक्का बसलेला खेळाडू तक्रार तरी करू शकतो. आमच्या निरगुडसरच्या परिसरात, आंबेगाव-जुन्नर तालुक्यांत, यात्रेच्या घाटात मात्र बैलगाडे एकेक करून धावतात. मोजले जातात ते सेकंद. शेजारी प्रतिस्पर्धीच नसतो. मग अन्याय होणार कोणावर? आम्हांस वाटते, स्वतःच्याच बैलांवर. आणि त्यांना तक्रार करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. चाबूक, काठी, विजेचा धक्का नियमाने निषिद्ध आहेत. परंतु पंचांची नजर घाटापुरती. शेतातल्या सरावाला साक्षीदार असतो तो गाडामालकाचा विवेकच. पोळ्याला ज्याला ओवाळावयाचे, त्यालाच एरवी पिराणी टोचून पळवावयाचे, हा कुठला न्याय? असा मिळविलेला सेकंद जिंकलेला नसतो, मुक्या जिवाकडून हिसकावलेला असतो. म्हणून निर्मळ शर्यतीची आमची कसोटी साधी आहे: बैल टोचणीविना जेवढा धावला, तेवढेच यश आपले.