माळ्यावरचा प्रभू आणि खिडकीतील स्त्री

काही नगरांच्या वाट्याला कीर्ती येते, काहींच्या वाट्याला दुष्कीर्ती. ॲमस्टरडॅमच्या वाट्याला दोन्ही आल्या आहेत. कालवे आणि रेम्ब्रांटची चित्रे यांचे नाव निघते न निघते तोच लाल दिव्यांच्या खिडक्यांचा आणि गांजा विकणाऱ्या कॉफीगृहांचा विषय निघतो. सज्जन प्रवासी म्हणतो, त्या वस्तीत आपण पाऊल टाकायचे नाही. दुसरा प्रवासी नेमका तिथेच जाण्यासाठी तिकीट काढतो. आमच्या मते या दोघांची दृष्टी एकच आहे. त्या वस्तीत पापावाचून आणखी काही असेल, हे दोघांच्याही मनात येत नाही.

वस्तुतः त्या नगराची सर्वांत जुनी वास्तू, १३०६ साली अभिषेक झालेले 'जुने चर्च', त्याच वस्तीच्या मध्यभागी उभे आहे. रेम्ब्रांटची पत्नी सास्किया तिथेच चिरनिद्रा घेत आहे. चर्चच्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर त्या खिडक्या आहेत. चर्चसमोरच्या चौकात २००७ साली एका स्त्रीचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. ती दारात उभी आहे, आणि जगभरातील तिच्यासारख्या स्त्रियांना मान द्या, अशी विनंती खाली कोरलेली आहे.

तेथून कालव्याच्या कडेने थोडे चालले, की इतर घरांसारखेच एक उंच, अरुंद घर लागते. १५७८ साली नगराची सत्ता कॅल्विनपंथीयांच्या हाती गेली आणि कॅथलिकांच्या सार्वजनिक उपासनेवर बंदी आली. पुढे यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ साली हे घर व त्यामागची दोन घरे विकत घेतली, आणि दोन वर्षांत तिन्ही घरांचे वरचे मजले जोडून तिथे चर्च उभारले. दीडशे भाविक बसू शकतील एवढी जागा, वरती सज्जे, वेदीच्या खांबात दडवून ठेवता येईल असे प्रवचनपीठ! रस्त्यावरून मात्र यांतले काहीच दिसत नाही. १८८७ साली संत निकोलसचे नवे मंदिर उघडेपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षे, भाविक अरुंद जिने चढून या माळ्यावर मिस्साला येत राहिले. आता ते संग्रहालय आहे, आणि त्याचे नाव आहे 'माळ्यावरचा आपला प्रभू'.

नगराच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. त्या काळी अशा गुप्त मंदिरांसाठी अधिकाऱ्यांना पैसे मोजावे लागत. उपासना चालू द्यावी, पण ती रस्त्यावरून दिसू नये, एवढीच अट होती. या वृत्तीसाठी डच भाषेत खास शब्द आहे. मराठीतील 'कानाडोळा' हा त्याच्या सर्वांत जवळ जातो. आणि विचार करण्याजोगी गोष्ट ही, की १९११ च्या कायद्याने कुंटणखान्यांवर बंदी आली, तरी तेही याच कानाडोळ्याने चालत राहिले. ती बंदी २००० साली उठली. ज्या वृत्तीने आमच्या धर्मबंधूंना माळा दिला, त्याच वृत्तीने या स्त्रियांना खिडकी दिली.

कानाडोळ्याला आम्ही तुच्छ लेखणार नाही. ज्या शतकांत युरोपमध्ये धर्मभेदापायी माणसे जिवंत जाळली गेली, त्या काळात शेजाऱ्याचे घंटेविना चाललेले भजन न ऐकल्यासारखे करणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु सोसून घेणे म्हणजे मान देणे नव्हे. कानाडोळा करणारा मनुष्य आपल्याला जगू देतो, पण आपल्याकडे पाहत नाही. आणि जो पाहतच नाही, त्याला आपल्या पायांतली बेडीही दिसत नाही. माळ्यावरचे भाविक स्वेच्छेने जिना चढत होते. खिडकीत बसलेली प्रत्येक स्त्री स्वेच्छेने तिथे आली आहे, असे कोण छातीठोकपणे म्हणेल? माणसांचा व्यापार आणि गुन्हेगारी यांना आळा घालण्यासाठी नगरपालिकेने २००७ पासून अनेक खिडक्या बंद करविल्या, यातच उत्तराचा काही भाग आहे.

माळ्यावरचा प्रभू कोणाला दिसू नये अशी अट होती. खिडकीतील स्त्री सर्वांना दिसावी अशी सोय आहे. तरीही तिला पाहिले कोणी? घोळक्याने येणारे प्रवासी केवळ बघे असतात. खिडक्यांसमोरून जाणाऱ्या मार्गदर्शक सहलींवर २०२० साली नगराने बंदी घातली. माणूस हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हे तत्त्व त्या नियमामागे होते. हे तत्त्व धर्मपीठावरून सांगितले गेले असते, तर आम्हांला अधिक आनंद झाला असता. त्या व्यवसायाला आमची संमती नाही, असूही शकत नाही. पण संमती नाकारणे निराळे आणि व्यक्तीला नाकारणे निराळे. सव्वादोनशे वर्षे माळ्यावर गुडघे टेकलेल्या समाजाला तरी हा भेद समजायला हवा.

दरवर्षी मार्च महिन्यातील एका शनिवारी रात्री हजारो कॅथलिक या जुन्या नगरातून चालतात. १३४५ साली घडलेल्या ख्रिस्तशरीर साक्रामेंताच्या चमत्काराचे ते स्मरण असते. ही रीत १८८१ साली सुरू झाली तेव्हा धार्मिक मिरवणुकांवर निर्बंध होते, म्हणून ध्वज नाही, गीत नाही, केवळ मूक चालणे. निर्बंध गेले, मौन राहिले. मद्यगृहांतून गोंगाट चालू असतो, दिवे लखलखत असतात, आणि ही माणसे कोणाचा धिक्कार न करता, कोणाकडे टक लावून न पाहता, त्याच गर्दीतून प्रभूच्या स्मरणात पुढे जातात.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी रोमला अथवा लूर्दला जाताना त्या नगरात उतरलाच, तर त्या वस्तीला वळसा घालू नये आणि तिथे बघाही होऊ नये. जुन्या चर्चपर्यंत जावे, माळ्याचा जिना चढावा आणि परतताना खिडक्यांसमोरून नजर आवरून, मनात एक प्रार्थना म्हणत चालावे. त्या काचेपलीकडे कोणाची तरी लेक बसलेली असते.