पंच चुकला तर?



'पाचामुखी परमेश्वर' असे आपले वाडवडील म्हणत आले. पाच जाणती माणसे एकत्र बसून जे ठरवतील त्यात देवाची इच्छा आहे असे समजावे आणि ते मान्य करावे, असा त्याचा अर्थ. पंच हा शब्द त्या पाचांचाच. गावच्या चावडीवरून तो कुस्तीच्या आखाड्यात आणि कबड्डीच्या मैदानात आला. पण पंचाच्या मुखातून चुकीचा निर्णय बाहेर पडला तर? तेव्हा परमेश्वर कुठे असतो? आणि आपण कुठे उभे राहावे? आज आपण या प्रश्नावर मनन करू या.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भात, नागली, वरईची कामे उरकली की आपल्या पाड्यापाड्यांवर कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. वर्गणी जमते, चषक येतो, पोरे उन्हातान्हात खेळतात. आणि एखाद्या रनआउटवरून किंवा बोनस रेषेवरून असा वाद पेटतो की सामना बाजूला राहतो आणि दोन पाडे एकमेकांसमोर उभे राहतात.

मोठ्या मैदानावरही तेच घडते. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. चांदीची गदा खांद्यावर घेऊन मिरवणारा पैलवान म्हणजे साऱ्या राज्याचे कौतुक. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला या स्पर्धेच्या अंतिम लढती झाल्या. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ आणि त्याआधी महाराष्ट्र केसरी झालेला शिवराज राक्षे समोरासमोर होते. पंचांनी शिवराजला चितपट घोषित केले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण पुन्हा पाहा, असे शिवराजचे म्हणणे होते. वाद वाढला, आणि रागाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन वेळ संपण्याआधीच मैदानाबाहेर निघून गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले.

त्याआधी दोन वर्षे, जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला, माती विभागात हाच महेंद्र सिकंदर शेखशी लढला होता. बाहेरची टांग या डावावर महेंद्रला चार गुण दिले गेले आणि सिकंदर हरला. हे चार गुण योग्य नव्हते, असे म्हणत सिकंदरच्या चाहत्यांनी मोबाईलवर रान उठवले. पंचाला धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांत गेली. म्हणजे २०२३ साली ज्याच्या बाजूने वादाचा निर्णय लागला, तोच २०२५ साली पंचांवर रागावून मैदान सोडून गेला. कुणा एका पैलवानाला नावे ठेवण्यासाठी आपण हे सांगत नाही. तराजूचे पारडे आज एका बाजूला झुकते, उद्या दुसऱ्या. आपण सारेच त्या तराजूखाली उभे आहोत.

पहिली गोष्ट अशी की, अन्याय झाला म्हणून दुखावलेल्या माणसाला 'सोड रे, खेळच तर आहे' असे म्हणून गप्प करू नये. त्या पोराने पहाटे चारला उठून जोर-बैठका काढलेल्या असतात. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दूध-तुपाचा खुराक पुरवलेला असतो. वर्षांची मेहनत एका शिट्टीत जाते. त्याची कळ खरी असते. न्यायाची भूक देवानेच माणसाच्या मनात ठेवली आहे. लहान लेकरालासुद्धा भावाच्या ताटात जास्त आणि आपल्या ताटात कमी पडले की लगेच कळते. संत लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, एक विधवा आहे. देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाच्या दारात ती न्यायासाठी पुन्हा पुन्हा जाते. प्रभू येशूने तिला गप्प बस म्हटले नाही. उलट, खचून न जाता प्रार्थना कशी करावी, हे शिकवण्यासाठी तिचेच उदाहरण शिष्यांपुढे ठेवले. मात्र एक लक्षात घ्या. ती त्याच्या दारात शब्द घेऊन गेली, हातात दगड घेऊन गेली नाही.

दुसरी गोष्ट. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, ही प्रभूची शिकवण आपल्याला पाठ आहे. पण अन्याय झाला तरी तोंड उघडू नये, असा तिचा अर्थ आपण लावतो का? प्रभू स्वतः कसा वागला ते पाहा. संत योहानच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, हन्नासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चापट मारली. येशूने हात उगारला नाही. आणि तो गप्पही राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असा सरळ प्रश्न त्याने त्या शिपायाला विचारला. मार खाऊन मुकाट बसणे आणि उलट मारणे या दोन्हींपेक्षा ही वाट वेगळी आहे. ताठ मानेने उभे राहायचे, पुरावा मागायचा, आणि हात मात्र आपल्याजवळ ठेवायचे.

संत पौलही असाच वागला. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्यांना सोडून द्या. पौलाने ते मानले नाही. आम्हांला सर्वांसमोर मारले आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. आणि अधिकारी आले. पौलाने आपला मान सोडला नाही, आणि तो मिळवण्यासाठी कुणाला ढकललेही नाही.

अहिल्यानगरला काय झाले? खांदे टेकले होते की नव्हते, हा खरा प्रश्न होता. पण दुसऱ्या दिवसापासून खांद्यांपेक्षा लाथेचीच चर्चा जास्त झाली. ज्याच्याकडे तक्रार करायला जागा होती, तोच त्या एका क्षणात आरोपी झाला. रागाने उचललेला हात बहुधा आपल्याच न्यायाच्या मानेवर पडतो.

तिसरी गोष्ट मैदानात न उतरणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी आहे. निर्गमच्या २३व्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांना बजावले आहे की गर्दी वाईटाकडे निघाली म्हणून तुम्ही तिच्यामागे जाऊ नका, आणि वादात गर्दीच्या कलाने साक्ष देऊन न्याय वाकवू नका. शुभ शुक्रवारी आपण दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाची कथा ऐकतो. या माणसात मला काही दोष आढळत नाही, असे पिलात पुन्हा पुन्हा सांगतो. त्याला खरे काय ते माहीत होते. तरी शेवटी गर्दीचा आवाज जिंकला. गर्दीला भिऊन निर्णय देणारा पंच पिलातासारखा होतो, हे आपण सहज म्हणू. मग पंचावर ओरडून, शिव्या देऊन, धमकावून आपल्या बाजूचा निर्णय मागणारे आपण त्या कथेत कुठे उभे असतो?

आज ओरडायला मैदानावर जावेही लागत नाही. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण येते, तेही आपल्याच गटाने पाठवलेले. आपण घरी बसून चार वेळा थांबवून थांबवून पाहतो. पंचाने ते एकदाच, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात पाहिलेले असते. आपण ते पुढे पाठवतो आणि वर दोन शिव्या लिहितो. त्या पंचालाही बायको-मुले आहेत, त्याच्याही घरी फोन वाजतो, हे आपल्या मनात येत नाही. असेच चालले तर उद्या आपल्या पोरांच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहायला कोण तयार होईल?

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आपल्याला खरोखर न्याय हवा आहे की फक्त आपला विजय, हे ओळखायचे कसे? चूक आपल्या बाजूने झाली तेव्हा आपण काय केले, ते आठवून पाहावे. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर, क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. भारताच्या २४२ धावा झाल्या होत्या आणि इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी बॉब टेलर या फलंदाजाला यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटीला लागलाच नाही, असे टेलरचे म्हणणे होते. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यालाही ते पटले. त्याने पंचांना निर्णय मागे घ्यायला सांगितले आणि टेलरला परत बोलावले. मग टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथने सामना गमावला. पण इतकी वर्षे लोटली तरी त्या सामन्याची आठवण निघाली की लोक त्याच्या खरेपणाची गोष्ट सांगतात. ज्या मापाने आपण मोजतो त्याच मापाने आपल्याला मोजले जाईल, असे प्रभूने सांगितले आहे. विश्वनाथने दोन्ही संघांसाठी एकच माप वापरले.

प्रिय भाविकांनो, आता आपल्या घराकडे वळू या. आपली कितीतरी मुले पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी रोज पहाटे रस्त्याने धावतात. मैदानावरच्या एका हाणामारीत नाव आले, गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तेच नाव आडवे येते. चषक दोन महिन्यांत काळा पडतो, पण पोराची नोकरी जन्माची जाते. शिवाय या पाड्याची लेक त्या पाड्याला दिलेली असते. द्राक्षांच्या कामाला आपण एकाच गाडीत बसून जातो, दुखण्याखुपण्यात एकमेकांच्या दारात उभे राहतो. एका वाईड बॉलसाठी ही नाती तोडायची का?

म्हणून काही साध्या गोष्टी करता येतील. सामन्याआधीच दोन्ही संघांनी बसून नियम ठरवावेत. फलंदाजी करणाऱ्या संघाचाच मुलगा अंपायर ठेवण्यापेक्षा तिसऱ्या पाड्याची दोन जाणती माणसे बोलवावीत. तक्रार असेल तर फक्त कर्णधाराने बोलावे. चूक आपल्या फायद्याची असेल तर ती आपणच पुढे होऊन सांगावी. जे पंच म्हणून उभे राहतात त्यांनी, आपले चुकले असे दिसल्यास, निर्णय बदलायला लाजू नये. त्याने पंचाचा मान कमी होत नाही. हाच नियम ग्रामसभेत, बचत गटात आणि घरातही लागू आहे. दोन भावांचे भांडण सोडवणारी आई, सुनेचे आणि लेकीचे म्हणणे ऐकणारा बाप, हेही पंचच आहेत.

आणि जिंकणाऱ्यांसाठी आपल्या नाशिकचेच उदाहरण आहे. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या वतीने लढणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघेही एकाच वस्तादाचे, काका पवार यांचे चेले. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशलाच आपल्या खांद्यावर उचलून घेतले. जिंकणारा असा वागला की हरणाऱ्याच्या मनातला कडवटपणा उतरायला वेळ लागत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. पंच चुकतो तेव्हा परमेश्वर कुठे असतो? जगात सर्वांत मोठा चुकीचा निकाल प्रभू येशूच्या बाबतीत दिला गेला. निर्दोष माणसाला क्रूस आणि बरब्बाला सुटका. त्या दिवशी परमेश्वर पंचांच्या मुखात नव्हता. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याबरोबर तो क्रूसावर होता. आणि तिसऱ्या दिवशी पित्याने तो निकाल फिरवला. एखाद्या सामन्यातली हार क्रूसाइतकी मोठी नसते, हे खरे. पण शेवटचा शब्द कोणत्याही पंचाचा नसतो, ही श्रद्धा दोन्ही ठिकाणी तीच आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो अन्यायाविरुद्ध बोलतो, अर्ज करतो, पुरावा मागतो, आणि रात्री शांत झोपतो.

आज मिस्सात शांतीची खूण देताना शेजारच्या ओळखीच्या माणसापाशीच थांबू नका. ज्याच्याशी मैदानावरून, बांधावरून किंवा वाटणीवरून बोलणे बंद आहे, तो मंदिरात असेल तर दोन पावले चालून त्याच्यापर्यंत जा.

हे न्यायी आणि दयाळू पित्या, आमच्यावर अन्याय होतो तेव्हा आम्हांला बोलण्याचे धैर्य दे आणि आमचे हात आवर. निर्णय आमच्या बाजूने चुकतो तेव्हा खरे सांगण्याचे बळ दे. जे आमच्यात पंच म्हणून बसतात त्यांना कुणाचीही भीती न बाळगता निवाडा करण्याची बुद्धी दे. आमच्या मुलांना मैदानावर ताकदीने आणि मैदानाबाहेर भावासारखे राहायला शिकव. हे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.