मातीतला घाट

ज्वारीची काढणी आटोपली, की अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडच्या पोरांच्या हाती चिपाडं यायची. वरचं धारदार सालपट सोलायचं, आतला मऊ गाभा वेगळा करायचा आणि सालपटाच्याच काड्या गाभ्यात टोचून बैलगाडी जोडायची. खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही. जू, साटी, आख, चाकं सगळं एकाच ताटातून निघे. सालपटानं बोटं कापायची, पण गाडी पुरी झाल्याशिवाय कुणी उठत नसे.

पुढे तारेची गाडी आली. झिजलेल्या स्लिपरमधून गोल कापलेली चाकं, स्टिअरिंगला लांब तार. गाडी झाली की रस्ता हवाच. कुणाच्या बांधकामापुढे मातीचा ढीग पडला, की संध्याकाळपर्यंत त्यावर घाट तयार व्हायचा. करंजीच्या घाटाची वळणं एसटीच्या खिडकीतून पाठ झालेली असत. ती जशीच्या तशी मातीत उतरायची. ओल्या मातीत काडीनं दोन चाकोऱ्या ओढायच्या आणि रात्रभर सुकू द्यायच्या. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, हे दोन-चार फेऱ्यांत कळे. मग कुणीतरी वळणाची बाहेरची कड थोडी उचलून घेई आणि गाडी वळण धरी. खऱ्या घाटरस्त्यावरही इंजिनिअर हेच करतात, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

आखलेल्या वाटेवरून गाडी पळवण्याचाच ‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाचा खेळ इंग्लंडमध्ये 1957 साली फ्रेड फ्रान्सिस यांनी आणला. ट्रॅकमध्ये खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांतून गाडीच्या मोटरला वीज, आणि वेग कमी-जास्त करायला हातात कंट्रोलर. गाडीखालची पिन खाचेतून चालते, पण वळणावर वेग आवरला नाही तर गाडी खाच सोडून उडते. तिकडे हौशी लोकांनी लाकडी फळ्यांत खाचा कोरून, तांब्याच्या पट्ट्या चिकटवून असे ट्रॅक घरीही केले. आमच्या पोरांना त्या खेळाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी मातीतल्या त्या दोन चाकोऱ्या मला त्याच जातीच्या वाटतात.

आमच्या पोरांच्या हाती मोटर लागली ती बंद पडलेल्या खेळण्यातून किंवा टेपरेकॉर्डरमधून. तिच्या दांड्यावर थेट चाक बसवलं, की मोटर नुसती गुणगुणायची आणि गाडी जागची हलायची नाही. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक कडी कापून तिचा पट्टा व्हायचा: मोटरकडे लहान चाक, आखावर मोठं. आता वेग कमी होई आणि जोर वाढे. आख म्हणजे सायकलचा स्पोक, आणि तो फिरायचा रिकाम्या रिफिलच्या तुकड्यात. रिफिल जरा वाकडी बसली, तरी गाडी एका अंगाला ओढायची. ती सरळ करण्यात अख्खी दुपार जाई. मातीच्या घाटाची चढण ती गाडी स्वतःहून चढली, तेव्हा झालेला आनंद कुठल्याच विकतच्या खेळण्यानं पुन्हा दिला नाही.

अहिल्यानगर म्हणजे कायनेटिकची लुना मोपेड जिथं बनली ते शहर. इथल्या वाहननगरच्या व्हीआरडीई या संस्थेत लष्करी वाहनांवर संशोधन चालतं आणि त्यांच्या चाचण्या होतात. 1994 पासून इथं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. चाकांची एवढी विद्या ज्या गावात नांदते, त्याच गावात पोरांच्या हातच्या गाड्यांना शाळेत कधी एक मार्क मिळाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ते इंजिनिअरिंगच होतं. आणखी एक सल आहे: चिपाडाच्या गाड्या मुलीही करायच्या, कित्येकदा मुलांपेक्षा सुबक करायच्या. पण मोटर आली, की ती मुलांकडेच राहिली.

अशा हातच्या खेळण्यांत विज्ञान पाहिलं ते अरविंद गुप्ता यांनी; ते आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी केल्यावर त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवण्यात आयुष्य घातलं. ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रिफिल, काड्यापेट्या, ट्यूबचे तुकडे यांना त्यांनी प्रयोगशाळेत मानाची जागा दिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला त्या मातीच्या ढिगावरची पोरंही सन्मानित झाल्यासारखी वाटली.

आज घरोघर रिमोटच्या गाड्या येतात, महिन्याभरात बंद पडतात आणि भंगारात जातात. अशी एखादी गाडी तुमच्या घरात पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि दोन सेल यांच्यासह ती मुलांच्या हाती सोपवा, मुलींच्या तर आवर्जून. खोलतील, पसारा करतील, करू द्या.