मुले सुखरूप घरी यावीत



१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या पारनाका किनाऱ्याजवळ सुमारे ४० विद्यार्थ्यांची बोट उलटली. मच्छीमार बांधव धावले म्हणून बरेच जण वाचले. तीन मुली मात्र गेल्या. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती.

प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले (मत्तय १८). आपण मात्र मुलांना देवाच्या हवाली करून मोकळे होतो. देवाने तर ती आपल्या हवाली केली आहेत!

मूल कुणाबरोबर चालले, बोटीत किती जण बसणार, जॅकेट मिळणार का, हे विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे; तीही प्रार्थनाच आहे. आज मिस्सानंतर त्या तीन लेकींसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणू या.