घराच्या आतला केरळ

केरळचे वर्णन नारळीच्या बनांनी आणि खाडीच्या पाण्याने करण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु मल्याळम चित्रपटाने आपल्या उत्तम कृतींत ही भूमी घराच्या आतल्या व्यवहारांत शोधली, आणि कायद्याने बदललेला समाज मनाने कितपत बदलला हे तेथेच चिकाटीने तपासले, यातच मला त्याचे खरे श्रेष्ठत्व दिसते.

नायरांच्या तरवाडात, म्हणजे मातृवंशीय एकत्र कुटुंबात, वारसा स्त्रीकडून चालत असला, तरी मिळकतीची वहिवाट कारणवराच्या, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाच्या, हाती असे. १९७० पासून अमलात आलेल्या जमीनसुधारणांनी कुळे जमिनीची मालक झाली आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली. तथापि दस्तऐवजावरून पुसलेला अधिकार अंगवळणी पडलेल्या सवयींत कसा टिकून राहतो, हे अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘एलिप्पत्तायम’ या चित्रपटाने दाखविले. त्यातील तरवाडाचा कर्ता पुरुष उण्णी याची थोरली बहीण आपली वाटणी मागते, धाकटी घर सोडून जाते, आणि मधली राजम्मा त्याची सेवा करता करता खंगते. तरी त्याला हातपाय हलवावेसे वाटत नाहीत. लंडनमध्ये १९८२ साली सदरलँड पारितोषिक मिळविणारी ही कृती जगाला कळली, ती एका तरवाडाशी संपूर्ण इमान राखल्यामुळेच.

पुढे जिओ बेबी यांच्या २०२१ मधील ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये नव्या सुनेचा पती समाजशास्त्र शिकवितो, सासरे भात चुलीवरच शिजावा असा सौम्य शब्दांत आग्रह धरतात, आणि मोरीखालच्या गळक्या नळीची दुरुस्ती मात्र कोणालाच निकडीची वाटत नाही. साक्षरतेचा सार्थ अभिमान बाळगणाऱ्या प्रांताला, विद्येने आपोआप न्यायबुद्धी येत नाही, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

मात्र हा चित्रपटव्यवसायही त्याच समाजाचा घटक आहे. पहिल्या मल्याळम मूकपटात, ‘विगतकुमारन’मध्ये, नायर स्त्रीची भूमिका करणाऱ्या पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीला सवर्ण प्रेक्षकांच्या रोषामुळे तिरुवनंतपुरम सोडावे लागले. आणि २०१७ साली सरकारने नेमलेल्या हेमा समितीचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल याच व्यवसायातील स्त्रियांच्या शोषणाची नोंद करतो. म्हणून ज्या कलेने तरवाडाचा आणि स्वयंपाकघराचा हिशेब इतक्या निर्भयपणे मागितला, तिने आपल्या कारभाराचे दप्तरही तितक्याच निर्भयपणे उघडावे, अशी अपेक्षा तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच प्रथम धरली पाहिजे.