आवातोवीचे काय करायचे?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मुलखात, उंच सपाट डोंगरांवर होपी लोकांची गावे आहेत. शेती मक्याची, भक्ती सूर्याची. क्षितिजावर सूर्य कुठल्या ठिकाणी उगवतो ते पाहून गावातला जाणता माणूस पेरणीचे दिवस सांगे. नवाहो, यूट अशा टोळ्या धाडी घालत, मका नेत, कधी माणसेही नेत. होपी डोंगर सोडत नसत आणि पुढच्या सालाचा मका साठवून ठेवत. लुटारू शेवटी परत जातो.

१६२९ मध्ये आलेले स्पॅनिश पाद्री मात्र राहायला आले होते. १६८० च्या उठावात पुएब्लो लोकांनी स्पॅनिश सत्ता उलथून टाकली. पुढे, १७०० मध्ये, आवातोवी या होपी गावाने पाद्र्यांना पुन्हा दार उघडले. त्याच हिवाळ्यात इतर होपी गावांनी त्याच्यावर हल्ला केला. पुरुषांना जमिनीखालच्या विधिगृहात कोंडून जाळले, वाचलेल्या बायका-मुलांना आपसात वाटून घेतले.

त्यानंतर होपी मुलखात स्पॅनिश मिशन पुन्हा उभे राहिले नाही. होपी टिकले, आजही आहेत. मग ते कृत्य रास्त होते काय? टिकणे हाच निकष धरला तर होय म्हणावे लागेल, आणि ते माझ्याने म्हणवत नाही. कौम वाचवायची म्हणून कौमेतलीच माणसे संपवायची, ही भाषा आपल्याही कानांना नवी नाही. कोणाला 'फितूर' ठरवायला पुरावा तरी कितीसा लागतो?

वाटून नेलेली ती मुले पुढे त्याच गावांत वाढली. पेरणीचे दिवस कसे ओळखायचे, हे त्यांना ज्यांनी शिकवले असेल, त्यांतले काही जण त्या रात्री आवातोवीत होते.